वेद पिसाळत नाहीत

दामू, आज माझं नववं इंजेक्शन झालं. बेंबीभोवती आता सुईला जागा उरली नाही, असं मी सिस्टरना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मास्तर, पोट चांगलं मोठं आहे तुमचं, काळजी नको." तू असतास तर एवढं एक वाक्य शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर पुरवून पुरवून खाल्लं असतंस. मला हसू आलं नाही. मला कुत्रा चावलेला नाही, हे तुला ठाऊक आहेच. इस्पितळात त्या दुसऱ्या दिवशी मी तुला चमच्याने पाणी पाजायला गेलो आणि ते सगळं माझ्या तोंडावर, डोळ्यांत उडालं, म्हणून डॉक्टरांनी मलाही चौदाच्या चौदा सांगितली.

सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी मी तांब्यातलं पाणी पितो. घोट खाली उतरला की मग बाकीचा दिवस. मधेच घशाशी जरा खरखरलं तर सगळ्या अंगाला घाम फुटतो. काल वर्गात धातूची रूपं म्हणता म्हणता आवाज चिरकला आणि मी पोरांना पुस्तक वाचायला सांगून खिडकीशी जाऊन थुंकी गिळून बघत उभा राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस. तू मला शास्त्री म्हणायचास, त्या शास्त्रीबुवांची ही अवस्था आहे.

तू गेल्यावर शाळेने तुझ्यावर लिहायला मला सांगितलं होतं. तुझा जन्म, तुझी नोकरी, मुलांना चित्रकलेच्या परीक्षांत मिळालेली बक्षिसं. मी नाही म्हटलं. ते मुख्याध्यापक लिहितील आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. खरं म्हणजे बोलायचं आहे सुमनवहिनींशी, आणि ते जमत नाही म्हणून तुझ्याकडे आलोय. त्यांनाही डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितली आहेत. विळीवर कापलेलं बोट तसंच उघडं ठेवून त्या दोन दिवस तुझं तोंड पुसत होत्या. त्या घेत नाहीत. मी तीनदा सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. त्या का घेत नाहीत ते मला कळलंय, आणि त्यांना घ्यायला लावील अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती म्हणजे मी तुझ्याशी काय केलं ते.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते आठवतंय ना? दत्ताच्या देवळाच्या सभामंडपातली भिंत. विश्वस्तांना जयंतीच्या आधी तिथे दत्त हवा होता, तीन शिरांचा, मागे गाय, पायाशी चार कुत्रे. तू म्हणालास, दत्त पंधरा दिवसांत होईल, मला धाक कुत्र्यांचा आहे. कॅलेंडरवरून काढ की, असं मी सहज म्हटलं आणि तू उसळलास. कॅलेंडरातले चारही कुत्रे एकाच आईचे असतात, म्हणालास, चारही जेवून उठलेले, आणि एकालाही पिसू नाही. जयगडला होड्यांवर नावं रंगवतानासुद्धा तू होडीभोवती दोनदा फिरून यायचास. तू काय कॅलेंडर बघून काढणार!

मग देवळातलीच कुत्री तू मांडलीस. एक म्हातारी पांढरी, एक काळा, एक ठिपक्यांचा, आणि चौथा तो तांबडा, डावा कान अर्धा तुटलेला, बंदराकडून कधीतरी आलेला. दुपारी मंडपात कोणी नसलं की तू त्यांना भाकरीचे तुकडे टाकायचास आणि काढत बसायचास. मी शाळा सुटल्यावर तिथे येऊन खांबाला टेकायचो आणि तुला शिकवायचो. चित्रातला कुत्रा हा कुत्रा नसतो, मी म्हणायचो. चार कुत्रे म्हणजे चार वेद. गाय म्हणजे पृथ्वी. चित्रात काहीही फुकट येत नाही. भैरवाजवळचा काळा कुत्रा म्हणजे काळ. यमाच्या वाटेवर चार चार डोळ्यांचे दोन कुत्रे बसलेले असतात, ते म्हणजे ज्याला चुकवता येत नाही ते. वीरगळावर मेलेल्या वीराच्या पायाशी कुत्रा कोरला तर तो इमान. तू ब्रश तोंडात धरून ऐकायचास आणि मग विचारायचास, आणि हाच कुत्रा तुझ्या पडवीत आला तर?

तर मी हाड म्हणतो, हे तुला माहीत होतं.

"तेच तर," तू म्हणालास. "भिंतीवरल्याला हळदकुंकू आणि दारातल्याला धोंडा. अरे शास्त्री, झोळीवाला फिरस्ता बघितलायस ना? त्याच्या झोळीत भाकरी असते, मागे कुत्री असणारच. कोणा चिताऱ्याला दिसली, त्याने काढली. मग मागाहून तुझ्यासारखा कोणीतरी आला आणि म्हणाला, हे वेद. चिताऱ्याला विचारलं कुणी?"

मी भडकलो होतो. मला अशा वेळी राग लगेच येतो, तू मुद्दाम आणायचास. चित्राला अर्थ नसेल तर तुझ्यात आणि भिंत सारवणाऱ्यात फरक काय, असं काहीतरी मी बोललो. तू हसलास आणि म्हणालास, सारवणाऱ्याची भिंत निदान ओल धरत नाही. ते भांडण तिथेच राहिलं. तुला वाटायचं, आपल्याकडे वेळ भरपूर आहे. मलाही वाटायचं.

तीन कुत्रे झाले. चौथ्याचं अंग झालं, पाय झाले, शेपूट झाली. तोंड होईना. तो तांबडा एका जागी बसायचाच नाही, आणि आताशा जरा जवळ गेलं तरी ओठ मागे घ्यायचा. आताशा, हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा आपण दोघंही म्हणत होतो की स्वभावच वाईट आहे त्याचा.

जयंतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. चारचा सुमार. मी पडवीत सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो आणि तू पाखाडीच्या पायऱ्या चढून आलास, हाताला रुमाल गुंडाळलेला. जबडा कसा उघडतो ते बघायला तू त्याचं तोंड धरलं होतंस. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात, फारसं रक्तसुद्धा नाही. तू बसला नाहीस. खांबाला धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "शास्त्री, इस्पितळात जाऊन येऊ काय रे? चौदा देतात म्हणे. पोटात."

मी तोंडातलं पान सावरलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "दामू, वेद पिसाळत नाहीत."

तू लगेच हसला नाहीस. ते क्षणभर थांबणं फक्त मी पाहिलं, आणि आता बारा दिवस झाले मला तेवढंच दिसतंय. मी आणखी पुढे गेलो. म्हटलं, वेद चावला तर माणूस शहाणा होतो, तुला तर गरजच होती. मग तू हसलास. मोठ्याने हसलास. सुईला तू किती भ्यायचास ते मला का ठाऊक नव्हतं? पटकीची लस टोचायला शाळेत माणसं आली तेव्हा तू चित्रकलेच्या खोलीला आतून कडी लावून बसला होतास. तू माझ्याकडे विचारायला आला नव्हतास, कोणीतरी दंडाला धरून न्यावं म्हणून आला होतास. आणि मला माझं वाक्य आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या आळीत झालं होतं. तूच सांगत सुटलास, वाण्याकडे, शाळेत, देवळात. लोक मला म्हणायचे, काय बोललात हो मास्तर. आणि मी मान डोलवायचो. तिसऱ्या दिवशी आरतीला उभा होतो तेव्हा मी पाहिलं की पायऱ्यांवर तीनच कुत्री आहेत. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पुजाऱ्याला विचारावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने हातावर प्रसाद ठेवला, आणि मी तो खाऊन घरी आलो. विचारलं असतं तर माझं ते वाक्य मलाच गिळावं लागलं असतं. एवढंच कारण होतं, दामू. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

त्या रविवारी वहिनी तुला विहिरी दाखवायला घेऊन गेल्या. त्यांच्या माहेरी, गुहागरकडे, कुत्रा चावला की माणसाला सात विहिरींत डोकावायला लावतात. पाण्यात कुत्रा दिसला तर विष चढलं, आपलंच तोंड दिसलं तर गेलं. तू सोमवारी शाळेत येऊन सांगितलंस की सहा विहिरींत तुझंच थोबाड दिसलं, आणि निदान एकीत तरी बरं काही दिसेल अशी तुला आशा होती. सातवी राहिली. सातवी खालच्या वाडीत, ऊन चढलेलं, वहिनींच्या पायांत गोळे आले. त्या म्हणाल्या, बस झालं, सहा काय नि सात काय. आणि तुम्ही घरी आलात.

जखम भरली. जयंती झाली. चौथा बिनतोंडाचाच राहिला, आणि विश्वस्तांनी त्याच्यापुढे समई ठेवून वेळ भागवली. आपण विसरलो. अडीच महिने म्हणजे विसरायला पुष्कळ होतात.

मग शिमग्याच्या सुट्टीआधीचा तो दिवस. मधल्या सुट्टीत तू चहाचा कप तोंडाला लावलास आणि तुझा गळा आतून कोणी ओढावा तसा आखडला. घसा बसलाय, म्हणालास. पुन्हा लावलास, पुन्हा तेच. मग वर बघितलंस आणि म्हणालास, पंखा बंद करा कोणीतरी, वारा सोसत नाही. दोघातिघांनी चेष्टा केली, फाल्गुनात थंडी वाजते काय म्हणून. मी चेष्टा केली नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी तुझ्याकडे. आपल्याला दोघांनाही कळलं होतं. तू कप खाली ठेवून म्हणालास, चल शास्त्री. मी चपला घातल्या.

पुढचे दोन दिवस मी लिहिणार नाही. ते तुझे आहेत. फक्त मधे एकदा तू पूर्ण शुद्धीवर होतास, वहिनी बाहेर डॉक्टरांशी बोलत होत्या, तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता तू विचारशील. तू म्हणालास, "सुमनला सांगू नको, मी भ्यायलो होतो तेव्हा. तिला वाटतं मी भीत नाय." मी हो म्हटलं. तुझी ती विनंती माझ्या किती पथ्यावर पडली ते तुला तेव्हा कळलं का रे? तू भ्यायला होतास हे लपवायचं म्हणजे तू माझ्याकडे कशाला आला होतास हेही लपवायचं, आणि तुला कोणी परत पाठवलं हेही.

आता वहिनी घरात एकट्या बसलेल्या असतात आणि त्यांचं एकच म्हणणं आहे. सातवी विहीर. "मीच चुकवली भावजी. माज्या पायांपायी चुकवली. आता मला कसली औषधं देताय?" डॉक्टर मला म्हणतात, वेळ गेलेली नाही, पण रोज थोडी थोडी जातेय, तुमच्या ओळखीच्या आहेत, समजावा. मी समजावतो म्हणजे काय करतो, तर सूक्ष्म जंतूंवर व्याख्यान देतो. त्या ऐकून घेतात आणि माझ्यापुढे चहा ठेवतात.

मला भीती वाटते, दामू. मला मरायची भीती वाटते, तसलं मरायची. त्याहून वहिनींच्या घशाकडे बघायची वाटते. परवा त्यांना पाणी पिताना ठसका लागला आणि मी उठून उभाच राहिलो. देवळावरून जाताना मी मान वळवतो. चौथ्यावर कोणीतरी पोतं टांगलंय, बायका पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. चुना मारून टाकू काय, असं विश्वस्तांनी मला विचारलं, मी म्हटलं, राहू दे, आणि का म्हटलं ते मला ठाऊक नाही. भर दुपारी लांब कुठे कुत्रा भुंकला तरी माझ्या हातातलं सुटतं. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की कुत्रा म्हणजे काळ, कुत्रा म्हणजे इमान, कुत्रा म्हणजे ज्ञान. तो कुत्रा होता. आजारी होता, आणि त्याला तोंडाला हात लावलेला नको होता. तू हेच म्हणत होतास, फक्त तू ते चित्राबद्दल म्हणत होतास.

इथवर लिहून कागद ठेवला होता. आता पुढचं दोन दिवसांनी लिहितोय.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओटीवर तुझे ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत बसल्या होत्या. ते तू धुऊनच ठेवलेले असणार, पण त्या एक एक घेऊन धूत होत्या. मी समोर बसलो. वाटेत शंभरदा जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एक आलं नाही. मी म्हटलं, वहिनी, विहिरीचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेले, तुम्ही असंच म्हणणार.

"नाही. चावलं त्याच दिवशी तो माझ्याकडे आला होता. इंजेक्शनं घ्यायला जाऊ का, असं विचारत होता. मी त्याला हसून परत पाठवला."

त्यांचे हात थांबले. ते वेदांचं? त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते मला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, मीच चार बायकांना सांगितलं होतं ते, हसत हसत. कुत्रा तिसऱ्या दिवशीच दिसेनासा झाला होता हे मी सांगितलं, आणि मी पुजाऱ्याला विचारलं नाही हेही. एकदा सुरू झाल्यावर मागे ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"विचारायला आले होते, म्हणजे भ्यायले होते ते?"

तुला दिलेला शब्द होता, दामू. मी तो मोडला. मी म्हटलं, हो, पुष्कळ भ्याला होता.

"मला म्हणाले, शास्त्री सांगतो काय भ्यायचं नाय. आणि मी आपली येड्यासारखी म्हटलं, निदान विहिरी तरी बघूया. मला वाटलं, मी एकटीच भितेय." ब्रश त्यांच्या हातात तसाच होता आणि रॉकेल लुगड्यावर गळत होतं. "म्हणजे मी बरोबर भ्यायले होते."

"तुम्ही एकट्याच बरोबर होतात, वहिनी."

त्या उठल्या. मला वाटलं, आत जाऊन रडतील. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जा आता तुम्ही. आवाज चढवला नाही. तुमच्या घरून चहा न घेता मी वीस वर्षांत पहिल्यांदा निघालो. पाखाडी उतरताना हलकं वगैरे काही वाटलं नाही. असं सांगितल्यावर माणसाला हलकं वाटतं असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. वाटत नाही. उलट नवीनच भीती बसली, की मी त्यांची ती विहीर तर काढून घेतली, आणि आता त्या जागी त्या काय धरतील? रागाने नाही म्हणाल्या तर? मी सांगितलं म्हणून नाही म्हणाल्या तर? रात्रभर तेच.

आज सकाळी अकरावं इंजेक्शन होतं. मी आठला इस्पितळात पोचलो. बाकावर वहिनी बसल्या होत्या. तुझे दिवस अजून व्हायचेत, या दिवसांत घराबाहेर पडल्या म्हणून आळीत काय काय बोललं जाईल ते तुला सांगायला नको. एकट्याच आल्या होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही. मधे दोन माणसांची जागा होती आणि तिथे कोणी येऊन बसलं नाही.

सिस्टरने नाव पुकारलं. सुमन दामोदर. त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून काही ऐकू आलं नाही. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो आणि वारंवार थुंकी गिळून बघत होतो. मग पडदा सरकला. त्या पोटावर पदर दाबून धरत हळूहळू बाहेर आल्या, रंग पार उतरलेला. मी उभा राहिलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घेतील आता."